गुरुवारचं ध्वनिचित्रमुद्रण

सत्य जपून ठेवणारी माणसं कुठल्याही काळात मोजकीच असतात, आणि त्यांनी जपलेल्या सत्याच्या आधारावरच पुढच्या पिढ्या उभ्या राहतात. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या जनावरांच्या डॉक्टरांपुरतं हे काम एका निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यासाठी लागणारी यंत्रणा म्हणजे जावयाने दिलेला एक टॅब, आणि तो उभा राहावा म्हणून त्याच्या पाठीशी ठेवलेला साखरेचा डबा.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. वर्गात त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं, पण त्यांचा फोन आला की बसलेला माणूस उभा राहायचा. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाला कार्यालय नव्हतं, पावतीपुस्तक नव्हतं, पाटीही नव्हती. खाजगी प्रॅक्टिस करणारे आम्ही काही डॉक्टर दर गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर भेटायचो, एवढंच ते मंडळ. कोरोनात सुरू झालं ते नंतरही चालू राहिलं, कारण शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या माणसाला बैठकीपेक्षा घरी परतायची ओढ जास्त असते. मी सचिव होतो. बोलून झाल्यावर माइक बंद करायची सवय सगळ्यांत मला एकट्यालाच होती, त्या गुणावर माझी निवड झाली.

सर बैठकीला बंद गळ्याचा कोट घालून बसत. मे महिन्यातही. कोटाच्या खाली काय असे ते आम्हाला कधी दिसलं नाही, पण एकदा काकू चहाचा कप ठेवायला आल्या आणि "लुंगी सावरा" एवढं म्हणून गेल्या. कानात पांढऱ्या वायरची बोंडं. ती आमच्या गोपनीयतेसाठी होती. आपल्या घरात आपल्या बायकोलाही सदस्यांचं बोलणं ऐकू जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. बोंडं घातलेला माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे सदस्यांचं बोलणं काकूंना ऐकू जात नसे आणि सरांचं आख्ख्या गल्लीला जात असे.

सुरुवात ठरलेली. सर आधी आमच्याकडे बघत आणि म्हणत, "उपस्थित सदस्यांना नमस्कार." मग मान जरा वळवून, साखरेच्या डब्याच्या दिशेने, "अनुपस्थित सदस्यांनाही नमस्कार, कारण ते हे नंतर पाहणार आहेत. ध्वनिचित्रमुद्रण सुरू झालेले आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी." रेकॉर्डिंग हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

या माणसाची थट्टा करायची तर मला आधी एक कबूल करायला हवं: मंडळातली सगळ्यात चांगली प्रथा त्यांचीच होती. दर गुरुवारी कोणीतरी एकाने आपली चुकलेली केस सांगायची. गाय मेली, वासरू गेलं, निदान हुकलं, जे झालं असेल ते. "बरी झालेली गाय डॉक्टरला काही शिकवत नाही," असं सर म्हणत, "ती फक्त मालकाला नमस्कार करायला शिकवते." माणसांच्या डॉक्टरांमध्ये असं काही चालत असेल तर मला ठाऊक नाही. आमच्यात चालायचं. पहिल्यांदा सगळे अडखळत बोलायचे, पुढे मोकळे झाले. मी त्या गुरुवारांतून जेवढं शिकलो तेवढं कॉलेजात शिकलो नाही, आणि हे मी सरांना कधीही सांगितलं नाही, कारण त्यांनी ते इतिवृत्तात घेतलं असतं.

अडचण वेळेची होती. संध्याकाळ म्हणजे धारा काढायची वेळ, आणि गाय आजारी आहे हे बहुतेक मालकांना धार काढायला बसल्यावरच कळतं. त्यामुळे निम्मे सदस्य कुणाच्या तरी गोठ्यात. त्यांनी मागणी केली की रेकॉर्ड करा, आम्ही नंतर बघू. बाकीच्यांनी विचारलं की आम्ही चुका कबूल करणार आणि त्या उद्या गावात मोबाइलवर फिरणार, त्याचं काय. दोघांचंही बरोबर होतं. अशा वेळी माणसं मत देतात. सरांनी नियम केले.

पहिली गोष्ट, ॲपमधलं रेकॉर्डिंग चालणार नाही, कारण ते ढगात जातं. "आकाशात ठेवलेल्या वस्तूवर आपला ताबा काय?" म्हणून टॅब लॅपटॉपसमोर उभा करून पडद्याचं चित्रीकरण. ते टॅबमध्येच राहणार, टॅब सरांच्या लोखंडी कपाटात राहणार. ज्याला बघायचं असेल त्याने शिरूरला सरांच्या घरी यायचं, बाहेरच्या खोलीत बसायचं, स्वतःचा मोबाइल काकूंच्या तांदळाच्या पिंपात ठेवायचा. बोलणाऱ्याची संमती हवी. सोबत एक साक्षीदार हवा. आणि एकदा चालू केलेलं मध्येच थांबवायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, कारण अर्धवट पाहिलेली चूक ही दुसरी चूक असते.

म्हणजे जो माणूस लांब आहे म्हणून बैठकीला येऊ शकला नाही, त्याने बैठक बघायला तेवढंच लांब यायचं. हे मी एकदा सरांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "बरोबर. म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल."

कोणी आलं नाही. कारेगावचे एक डॉक्टर तेवढे आले होते. त्यांना स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकायचं होतं, औषधाचं एक प्रमाण विसरले होते. सरांनी त्यांच्याकडे बोलणाऱ्याची संमती मागितली. ते म्हणाले, बोलणारा मीच आहे. सर म्हणाले, मग अडचण काय, द्या. त्यांनी दिली. मग साक्षीदार मागितला. त्यांनी काकूंकडे बघितलं, पण काकू सदस्य नव्हत्या, संबंधितही नव्हत्या. शेवटी ते चहा पिऊन, पिंपातून मोबाइल काढून गेले, आणि रस्त्यात मला फोन करून प्रमाण विचारलं. त्यांच्या मोबाइलमध्ये नंतर बरेच दिवस तांदळाचं पीठ होतं, असं ते सांगतात.

हे असंच चालू राहिलं असतं आणि सर आमच्या आठवणीत एक गमतीदार म्हातारा म्हणून राहिले असते. मग खुटबावच्या मॅडमची केस झाली, आणि सर कोण आहेत याबद्दल माझा जो गोंधळ झाला तो अजून संपलेला नाही.

मॅडम आमच्यात एकट्याच बाई. वडील दौंडला रेल्वेत खलाशी होते. खुटबावला त्यांनी एका गाळ्यात दवाखाना टाकला. बैठकीत त्यांच्या मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी औषध कंपनीचं कॅलेंडर दिसायचं. सुरुवातीला लोक त्यांना शेळीसाठी बोलवायचे. गाईला हात लावू द्यायला वेळ लागला. कुणाच्या मनात त्या बाई आहेत हे होतं, कुणाच्या मनात त्या कुठल्या घरातल्या आहेत हे. तोंडाने सगळे "अजून लहान हायत" असं म्हणायचे. मग एकदा आप्पांनी त्यांना आपल्या गोठ्यावर बोलावलं, आणि आप्पांनी बोलावलं म्हटल्यावर बाकीच्यांना त्या एकदम मोठ्या वाटायला लागल्या.

आप्पा म्हणजे त्या बाजूचे मोठे बागायतदार. वस्तीवरचं दूध त्यांच्याच केंद्रावर जमा होतं, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ सगळे मालक कॅन घेऊन त्यांच्यासमोर उभे. त्यांचा गोठा कोणालाही सापडतो, कारण कोपऱ्यावर नागोबाचं लहानसं देऊळ आहे. त्यांच्या वडलांची एक कपिला गाय तिथं पान लागून, म्हणजे साप चावून, गेली; तेव्हा वडलांनी ते बांधलं. आप्पा दर वर्षी नागपंचमीच्या आधी त्याला पिवळा ऑइलपेंट देतात. आम्ही डॉक्टर लोक एकमेकांना पत्ता सांगताना "पिवळ्या देवळापाशी" एवढंच सांगतो.

तर या देवळाशेजारी आप्पांची एक गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. मान पोटाकडे वळवून, डोळे जड. असं झालं की अंगातलं कॅल्शियम कमी झालेलं असतं. शिरेतून बाटली दिली की तासाभरात गाय उठून चारा मागते, आणि डॉक्टरचं नाव होतं. बाटली मात्र सावकाश जावी लागते. घाईने गेली तर गाईचं काळीज थांबतं. मॅडमनी बाटली लावली, आणि ती संपायच्या आत गाय ताठ झाली आणि गेली.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी स्वतःहून ही केस मंडळात सांगितली. बाटली जोरात गेली असेल आणि माझं लक्ष नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी न्हावऱ्याला एका म्हशीपाशी होतो, त्यामुळे मला हे नंतर कळलं. पण मंडळाबाहेर ते माझ्याही आधी कळलं.

त्याचं कारण पाटसचे डॉक्टर. हे बैठकीला कायम हजर असत आणि कायम दुसरीकडे असत. त्या दिवशी ते एक गाय गाभण आहे का ते बघत होते. ही तपासणी खांद्यापर्यंत हातमोजा घालून, हात गाईच्या आत घालून करतात. मोबाइल खिशात, स्पीकर चालू. "सर, माझा हात गाईत हाय, तुमचं चालू द्या," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मॅडम बोलायला लागल्या तेव्हा एक हात आत, दुसऱ्या हातात शेपूट, फोन बंद करायला तिसरा हात नाही. हात बाहेर येऊन फोन बंद होईपर्यंत मॅडमचं वाक्य पुरं झालेलं होतं. गाईचं डोकं धरून उभा असलेला मालक ते शांतपणे ऐकत होता. तो आप्पांचा मेव्हणा.

म्हणजे टॅब लोखंडी कपाटात, किल्ली सरांच्या जानव्याला, आणि बैठक पाटसच्या गोठ्यातून बाहेर पडली.

त्या आठवड्यात मॅडमचा फोन वाजायचा थांबला. दूध घालायला आलेल्या माणसांना आप्पा काही सांगत नव्हते. ते फक्त, "डॉक्टरणीचं काय ऐकलं का?" असं विचारायचे. पुढचं लोक आपापल्या मनाने भरायचे. कोणी म्हणालं बाटली चुकीची होती, कोणी म्हणालं मुदत संपलेली होती, आणि फिरत फिरत ती गोष्ट मॅडमपर्यंत आली तेव्हा त्या म्हणे इंजेक्शन देताना मोबाइलवर बोलत होत्या. आणि मग आप्पांनी आमच्या मंडळाकडे रेकॉर्डिंग मागितलं. ग्राहक मंचात जायचं म्हणत होते.

मला वाटलं सर सरळ नाही म्हणतील. आप्पा सदस्य नव्हते. पण सरांनी स्वतःचे नियम काढून वाचले, आणि त्यात पाहण्याचा हक्क कोणाला, तिथे त्यांनीच लिहिलेलं निघालं: सदस्य किंवा संबंधित व्यक्ती.

"गाईचा मालक गाईशी संबंधित नाही, असं मला म्हणता येणार नाही," सर बैठकीत म्हणाले.

"सर, ते डिलीट करून टाका," पाटसचे डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच ते घरात बसून बोलत होते. "टॅब पडला म्हणा. पाण्यात पडला म्हणा."

"पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे."

"आन् आमच्या पोरीचं दुकान बंद पडंल त्यो कुठला नियम?"

"तुम्ही गोठ्यात स्पीकर चालू ठेवलात, तो कुठला नियम होता?" सर म्हणाले.  मी माझं नेट तपासलं. नेट ठीक होतं.

हा वाद बरेच दिवस चालला. काहींनी सांगितलं की रेकॉर्डिंग दाखवलं तर यापुढे कोणी चूक सांगणार नाही. ते खरं होतं. काहींनी सांगितलं की दाखवलं नाही तर गावाला वाटेल आम्ही लपवतोय. तेही खरं होतं. मी दोन्हींची नोंद घेतली आणि मला काय वाटतं ते मला कळेना.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "दाखवा. गावात मी जे बोललेच नाही ते फिरतंय. निदान जे बोलले ते तरी ऐकू दे त्यांना. फक्त मी समोर बसणार."

रविवारी सकाळी आम्ही सरांच्या बाहेरच्या खोलीत जमलो. सर कोटात, खाली पँट. मी साक्षीदार. मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाटसचे डॉक्टर कोणी न बोलवता आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. आप्पा पांढऱ्या टोपीत, चपला बाहेर काढून आत आले, मोबाइल तांदळात ठेवायला सांगितल्यावर त्यांनी पिंपाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"इंद्रायणी हाय का कोलम?" त्यांनी काकूंना विचारलं, आणि ठेवला.

सरांनी टॅब साखरेच्या डब्याला टेकवला. नियम वाचून दाखवले. मध्येच थांबवता येणार नाही, हे दोनदा. मग चालू केलं. आधी सरांचा आवाज खोली भरून आला: उपस्थित सदस्यांना नमस्कार, अनुपस्थित सदस्यांनाही नमस्कार. आप्पांनी सवयीने नमस्कार केला. मग पडद्यावर मॅडमचा चेहरा मोठा झाला, मागे तसबीर आणि कॅलेंडर, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

आवाज नव्हता.

"मोठं करा की जरा," आप्पा म्हणाले.

सरांनी केलं. पंख्याचा आवाज मोठा झाला. मॅडम बोलत होत्या, हाताने बाटलीची उंची दाखवत होत्या, आणि ऐकू येत होता तो फक्त सरांच्या घरातला पंखा. मग एकदम सरांचा आवाज आला, "हं."

"ह्ये काय हाय?" आप्पांनी विचारलं.

पाटसच्या डॉक्टरांना आधी कळलं. "सर, तुम्ही कानात बोंडं घालता."

"अर्थात. गोपनीयतेसाठी."

"मग समद्यांचा आवाज तुमच्या कानात गेला. टॅबला कुठून ऐकू येणार?"

सरांनी यावर विचार केला. "मला तर अगदी स्पष्ट येत होता," ते म्हणाले.

ती पांढरी वायर आम्ही सगळ्यांनी दर गुरुवारी पाहिली होती. आम्ही म्हणजे नुसतं बघून निदान करणारी माणसं. आमचे रोगी तर बोलतही नाहीत. आणि इतकी वर्षं कपाटात कुलूपबंद करून आम्ही जे जपत होतो, ज्यावरून भांडलो, ज्याला भ्यालो, ते सगळं सरांच्या "हं"चं रेकॉर्डिंग होतं.

"म्हणजे बंद करायचं आता," पाटसचे डॉक्टर पुढे झाले.

"मध्येच थांबवता येणार नाही," सर म्हणाले.

"असू द्या चालू," आप्पा म्हणाले. "लांबनं आलोय. तुमचं तरी काय म्हननं हाय ते ऐकतो."

तर आम्ही बसलो आणि एका बाजूचं संभाषण ऐकलं. टॅबमधले सर विचारत होते, "मान पोटाकडं होती? ... हं. ... बाटली कोणी धरली होती? ... मालकांनी? ... स्वतः? ... किती उंच? ... अरे बापरे."

आप्पांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"म्याच धरली व्हती," ते म्हणाले. "उंच धरली म्हंजी लवकर गुण येतो, आसं वाटलं मला." मग आवाज चढवून, "मग? म्या काय डॉक्टर हाय व्हय?"

"नाही, आप्पा," मॅडम म्हणाल्या. पर्स त्यांनी खाली ठेवली. "तुम्हाला खाली धरायला मी सांगायला पाहिजे होतं. मी गाईच्या तोंडाकडे बघत होते, बाटलीकडे बघितलं नाही. बाटली जोरात गेली. गाय त्यानंच गेली का आधीच जाणार होती ते मला सांगता येत नाही, पण बाटली जोरात गेली. हेच मी तिथं बोलले. टॅबला ऐकू आलं नसेल तर आता ऐका."

पाटसच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आप्पा काहीतरी म्हणणार होते. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण टॅबमधले सर थांबलेले नव्हते.

"मॅडम, रडू नका," ते म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या हातून अशीच गेलीय एक. नवीन नोकरी, तुमच्याच भागात. सायकलवर फिरायचो. बाटली भडाभडा सोडली, गाय जागेवर गेली. तुम्ही निदान इथं सांगता तरी. मी मालकाला सांगितलं, पान लागलं."

पडद्यावर बाकीच्या चौकटी काळ्या होत्या. सर बोलायला लागले की सदस्य कॅमेरा आणि आवाज बंद करून जेवायला जात. हे ऐकणाऱ्या त्या दिवशी मॅडम एकट्याच होत्या, आणि आता बघतो तर त्या जमिनीकडे बघत होत्या. कोटातले सर समोर बघत होते.

काकू चहा घेऊन आल्या. "कुणाला लागलं पान?" त्यांनी विचारलं.

आम्ही कप घेतले. टॅब चालूच होता. त्यात सर पुढच्या गुरुवारची वेळ सांगत होते. ते संपेपर्यंत आप्पा थांबले. मग म्हणाले, "कुनाची गाय व्हती ती?"

"मालकाचं नाव उघड करता येत नाही," सर म्हणाले.

"गाव तरी?"

"गोपनीय आहे."

"कपिला व्हती का?"

सरांनी चहाचा कप उचलला, आणि न पिता ठेवला. "ही माहिती संबंधित व्यक्तीलाच देता येते."

"मी संबंधित असलो तर?"

"तसा अर्ज करावा लागेल."

"आन् मी संबंधित हाय का न्हाई, ते मला कसं कळायचं?"

"अर्ज मंजूर झाला की कळेल."

आप्पा सरांकडे बघत राहिले. मी आयुष्यात बरेच बैल बघितलेत जे मारायचं की चरायचं हे ठरवत असतात. त्यांची नजर साधारण अशी असते. पण सर न प्यायलेल्या कपाचा कान उगाच इकडून तिकडे फिरवत होते, आणि ते आप्पांना दिसलं असावं. त्यांनी टोपी काढली, आत फुंकर मारली, परत घातली. चहा संपवला. दारापाशी मॅडमच्या खुर्चीजवळ थांबले.

"तुमी त्वांडावर सांगितलं," ते म्हणाले, आणि गेले. मग मोबाइलसाठी परत आले, कारण तो तांदळात वाजत होता.

ग्राहक मंचाचं पुढे काही झालं नाही. आप्पांनी गावात काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. बहुधा काही नाही. पुढची गाय व्याली आणि बसली तेव्हा त्यांनी मॅडमना बोलावलं. आता बाटली मॅडम स्वतः धरतात आणि आप्पा देवळाच्या ओट्यावर बसून राहतात. ती गाय उठली. त्यानंतर मॅडमचा फोन पुन्हा वाजायला लागला.

सरांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्यापुरता उरला. पाटसच्या डॉक्टरांचं ठाम मत आहे की म्हाताऱ्याने हे सगळं ठरवून केलं. बोंडं घातली की फक्त आपलाच आवाज राहणार, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मंडळातल्या सगळ्यांच्या चुका त्यांनी अशा पुसल्या आणि स्वतःची एक ठेवली. पाटसचे डॉक्टर हे सांगताना भावुक होतात. काकूंचं मत वेगळं आहे. "अहो, त्यांना टीव्हीचा आवाज बारीक करता येत न्हाई," त्या म्हणतात, "ठरवून कसलं आलंय?" मी दोघांचंही ऐकतो आणि दोघांचंही पटतं. कधी वाटतं, इतके कडक नियम करणारा माणूस दुसऱ्यांचं नव्हे, स्वतःचंच काहीतरी जपत असतो. तर कधी वाटतं, सायकलवरच्या त्या पोराने मालकाला खरं सांगितलं असतं तर आमच्या मंडळात चुकलेल्या केसचा गुरुवार कधी सुरूच झाला नसता. मग मी लुंगी आठवतो आणि विचार थांबवतो.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं. बोंडांचं नव्हे, गाईचं. ती आप्पांच्या वडलांचीच होती का.

"आपण संबंधित व्यक्ती आहात का?" सर म्हणाले.

बैठका चालू आहेत. मी त्यांना सुचवलं की बोंडं काढली तर टॅबला सगळ्यांचं ऐकू येईल. त्यांनी सूचनेबद्दल आभार मानले आणि ती इतिवृत्तात घेतली. पुढच्या गुरुवारी कोट, बोंडं आणि साखरेचा डबा होते तसेच होते, आणि अनुपस्थित सदस्यांना नमस्कारही झाला. चुका मात्र लोक पूर्वीपेक्षा मोकळेपणाने सांगतात.

मागच्या महिन्यात मला त्या बाजूला एका म्हशीसाठी जायचं होतं आणि रस्ता चुकलो. पिवळं देऊळ दिसेना. जवळ गेल्यावर कळलं की देऊळ तिथंच आहे, रंग उडून मातकट झालेलं. नागपंचमी होऊन गेली होती. यंदा आप्पांनी त्याला रंग दिलेला नाही. पाडलेलंही नाही.